अडीच वाजताची झोप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगेन की नाही, याचीही लिहायला बसेपर्यंत खात्री नव्हती.

घोडेगावात डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी काउंटरवर असते. नावं लिहिते, थेंब घालते, अर्ध्या तासाने पेशंटला डॉक्टरांकडे पाठवते. निरगुडसरहून रोज एसटीने येते. फार बोलत नाही. इंग्लिश मीडियमची म्हणून गावात वाटतं, हिला शिंगं फुटलीत — खरं तर मला बोलायला सुचतच नाही. डबा आतल्या खोलीत, औषधांच्या खोक्यांशेजारी एकटीच खाते.

आणि मग अडीच वाजतात.

तुम्हाला होतं का असं? डोळे उघडे असतात, पण समोरच्या अक्षरांचा अर्थ लागत नाही. कुणी नाव सांगतं, ते कानावरून नुसतं जातं. माझं हे शाळेपासूनचं. दुपारच्या तासाला पेंग आली की मॅडम बाकावर उभं करायच्या. सगळा वर्ग वळून बघायचा. तेव्हापासून ठरवलं — झोप येते हे कबूल करायचं नाही. कधीच.

त्या दिवशी भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीतून एक आजी आल्या होत्या. एकट्याच. उजव्या डोळ्यापुढे धूर दिसतो म्हणाल्या. दोन वाजता मी थेंब घातले, डोळे मिटून बसा म्हटलं. त्या बसल्या — हात मांडीवर, सांगितल्यासारख्या डोळे मिटून.

आणि मग मी... कसं सांगू? मी झोपले नव्हते. पण जागी तरी होते का? आजींच्या नंतरचे चौघे मीच आत पाठवले. चार वाजता डॉक्टर मंचरला जायला निघून गेले.

"बाय, माझा नंबर कवा?" आजींनी विचारलं. डोळे अजून मिटलेलेच. उघडा असं मी म्हटलं नव्हतं ना.

चुकलं माझं, एवढं म्हणता आलं असतं. डॉक्टरांना फोन करता आला असता, कदाचित ते माघारी फिरले असते. मी म्हटलं, "दोनदा पुकारलं, आजी. तुम्हाला झोप लागली होती."

झालं. एवढंच. पण चष्म्यासाठी थांबलेला एकजण म्हणाला, "आजी, डोळं दाखवाया आलता का झाकाया?" आणि सगळे हसले. मीही हसले. हे गाळायला नको — मीही हसले.

आजी ओशाळल्या. "लागला आसंल डोळा. म्हातारपण लई वाईट, बाय." त्या क्षणभरही झोपल्या नव्हत्या. तरी स्वतःपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. का? मी काउंटरमागे होते म्हणून? नीट शब्दांत बोलत होते म्हणून? थेंबांमुळे त्यांना धड दिसतही नव्हतं. एसटीची पाटी कुणालातरी विचारली असेल. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

आता मी बरंच शिकले आहे. रात्री मोबाइल लवकर बाजूला ठेवते. दुपारी भात थोडाच खाते, पाणी मात्र आठवणीने पिते. जेवल्यावर बाजारपेठेतून दहा मिनिटं उन्हात एकटीच चालते. चुकू शकतील अशी कामं सकाळीच उरकते. थेंब घातले की गजर लावते, आत गेलेल्या नावापुढे लगेच खूण करते. त्या वेळी शरीर जरा मंदावतंच, त्यात आळस नसतो, हे कळायला एवढी वर्षं गेली. पेंग अजूनही येते, पण कुणाचं नाव राहत नाही. पेंगेचं निभावता येतं मला. आजींना म्हटलेल्या त्या वाक्याचं नाही.

आजी त्यानंतरच्या आठवड्यात परत आल्या. ऑपरेशन झालं. आता दुसऱ्या डोळ्यासाठी येतात. थेंब घातले की डोळे मिटतात, पण बसत नाहीत. भिंतीला हात लावून उभ्या राहतात. पहिल्यांदा मी बसा म्हटलं, तेव्हा म्हणाल्या, "नगं बाय. बसलं की झोप लागती मला. तुला परत वरडाया लागंल."

काल दुपारीही आल्या होत्या. दोन्ही बाक रिकामे होते. मी खाली मान घालून नावं लिहीत होते. गजर होईपर्यंत, पूर्ण अर्धा तास, त्या उभ्या होत्या.