हिरव्या बाणाची वाट

आमच्या गावात समुद्राकडे जाणाऱ्या वाटांवर हल्ली बाण रंगवलेत. कड्यावरून जाणारी तांबडी वाट धडधाकटांसाठी आणि सुरूच्या बनातली हिरवी माझ्यासारख्या गुडघेवाल्यांसाठी. दगडावर 'सोपी वाट' असं वाचलं की मला संशयच येतो. सोपी म्हणजे नेमकी कुणाला?

त्यात गेले काही दिवस मागून काठीचा आवाज येत होता. मी थांबलो की तोही थांबे. वळून बघावं, तर शेजारच्या सुमतीकाकू! खुब्याच्या ऑपरेशननंतर नुकत्याच हिंडूफिरू लागलेल्या, आणि अगदी साळसूदपणे समुद्राकडे बघत उभ्या. बनापलीकडच्या टपरीवर मी चोरून भजी खातो, त्याचा सुगावा आमच्या हिला लागला असणार आणि तिनेच हा हेर नेमला असणार, याबद्दल माझी खात्री पटली.

काल न राहवून विचारलंच, "काकू, हिने पाठवलंय ना तुम्हाला?"

"छे रे! मला सगळेच मागे टाकून जातात. नानांची म्हैससुद्धा. तुझ्याच मागनं तेवढं चालता येतं. आणि तू थांबलास की मलाही दम खाता येतो. बघणाऱ्याला वाटतं, तुझ्यामुळे थांबल्येय."

म्हणजे वाट सोपी करतो तो बाण नव्हे, पुढे चालणारा संथ माणूस. या शोधाने मी जरा फुशारलोच. आज काकूंसाठी म्हणून मुद्दाम आणखी हळू चाललो.

मागून काठी दगडावर आपटली. "अरे, पाय उचल की! म्हैस येत्येय."