एस्तरबाईंचा तरुण संघ

नव्या माणसाला एस्तरबाई आधी नाव विचारत नसत. त्याच्या हातात काहीतरी देत. मी पहिल्यांदा तरुण संघाच्या सभेला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. पाण्याची बादली पुढे केली आणि म्हणाल्या, "वरांड्यात शिंपड, माय. मुरमाची धूळ उडून राहिली." शिंपडून परत आले तोवर माझं पाहुणेपण संपलं होतं. पुढे कधीतरी मी त्यांना या सवयीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्याच्या हातात काम असते, त्याचे पाय दाराकडे नाई वळत."

तेव्हा भिलाईत पोलाद कारखाना उभा राहत होता. आमचं कुटुंब भंडाऱ्याहून आलेलं, बाबा कारखान्याच्या गोदामात. आमच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं, उपासना एका प्राथमिक शाळेत होई. एस्तरबाई मूळच्या चांद्याच्या, इस्पितळात नर्स. चाळिशीच्या, उंच, लग्न न केलेल्या. पांढऱ्या लुगड्याचा काष्टा मारून सायकल चालवायच्या आणि समोरून ट्रक आला तरी घंटी वाजवून त्यालाच बाजूला व्हायला लावायच्या.

त्या येण्यापूर्वी तरुणांची सभा म्हणजे पाळकसाहेबांचं दुसरं प्रवचन असे. आईबापांनी धाडलेल्या चार-दोन मुली तेवढ्या बसायच्या. बाईंनी पाळकसाहेबांना सरळच सांगितलं, "सकाळी आमी तुमचं ऐकतो. संध्याकाळी पोट्ट्यांचं ऐकू." पाळकसाहेब भला माणूस. हसले आणि सभा त्यांच्या हवाली केली.

मुलं मिळवायला त्यांना कुठे जावं लागलं नाही. केरळ, आंध्र, बंगाल, रांची, कुठून कुठून आलेली एकटी पोरं हॉस्टेलमध्ये राहत आणि कधी ना कधी हात भाजून, बोट चेचून बाईंच्या टेबलाशी येत. पट्टी बांधता बांधता बाई विचारायच्या, रविवारी काय करतोस? बहुतेकांचं उत्तर एकच असे, झोपतो. मग त्याला बाक मांडायला बोलावणं जाई. बाक मांडायला आलेला मग गाण्याला थांबे.

सभा वेळेवर सुरू होई, दोघंच आलेले असले तरी. संपायचीही वेळेवर, कारण कुणाला रात्रपाळी असे. बाई स्वतः थोडंच बोलत. वचन वाचणं, प्रार्थना, फुटाणे-मुरमुरे वाटणं, सगळं आळीपाळीने आमच्याकडे. कुणी चुकलं तर त्या मध्ये पडत नसत. जो दोन रविवार दिसला नाही त्याच्या दाराशी सायकल उभी राही. पण का आला नाहीस, हे त्या विचारत नसत. विचारत, "जेवला का, बापा?" मुलींच्या घरी त्या आधी स्वतः जाऊन बसत. माझ्या आईला त्यांनी शब्द दिला होता की दिवेलागणीच्या आत मला दारात आणून सोडतील. तो शब्द कधी मोडला नाही.

तरीही संघ एकदा फुटला. नाताळच्या गाण्यांची तालीम चालली होती. आमची मराठी-हिंदी गाणीच जास्त, कारण आम्हीच जास्त होतो. प्रकाशम नावाचा तेलुगू मुलगा, उंच लोखंडी सांगाड्यावर चढून काम करणारा, गळ्याचा गोड. तो म्हणाला, एक गाणं आमचंही घ्या, आणि त्याने ते म्हणून दाखवलं. नागपूरचा विल्यम त्या शब्दांना हसला. त्याचं पाहून आणखी दोघं हसले. प्रकाशम शांतपणे उठला. त्याच्यामागे सगळी तेलुगू मुलं उठली. पुढच्या रविवारपासून त्यांची सभा रुआबांधा वस्तीतल्या एका खोलीत भरू लागली.

आम्ही चिडलो. बाईंनी पाळकसाहेबांकडे तक्रार करावी असं आमचं म्हणणं. बाईंनी कोपऱ्यातला ढोलक उचलला, सायकलला बांधला आणि रुआबांध्याला नेऊन दिला. आम्ही विचारलं, आता आम्ही कशावर गायचं? "तुमच्यापाशी टाळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यायच्यापाशी काहीच नाई."

नाताळला महिनाभर उरला असताना प्रकाशम सांगाड्यावरून पडला. जीव वाचला, पण एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. इस्पितळात तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. जेवेना, बोलेना. त्याचे मित्र येत, रडत, निघून जात. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली तरी त्याने मान वळवली नाही.

बाईंनी विल्यमला बोलावून घेतलं. विल्यम घाबरला होता. त्याने विचारलं, माफी कशी मागू? बाई म्हणाल्या, "माफी मागू नको. उपदेश तर करूच नको. त्याच्याकडून ते गाणं शिक."

विल्यम गेला. मीही आईला सांगून गेले होते, बाईंसोबत दाराशी उभी होते. विल्यमने तेलुगू मुलांकडून शब्द विचारून पाठ केले होते. खाटेशेजारी बसून त्याने गायला सुरुवात केली. चाल बरी होती, शब्दांचा मात्र चुराडा. पाठमोरा प्रकाशम हलला नाही. विल्यमने पहिली ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा तोच घोळ. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा प्रकाशमने भिंतीकडे तोंड असतानाच एक शब्द दुरुस्त केला. विल्यमने तो म्हटला. तरी चुकलाच. मग प्रकाशम कुशीवर वळला आणि हिंदीत म्हणाला, "ऐसा नहीं. मेरा मुँह देखो."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच मला दटावलं, "पाहून काय राहिली? त्याच्यासाठी पेज आण."

त्यानंतर दोन्ही संघांतली मुलं पाळी लावून त्याच्याजवळ बसू लागली. कुणी एकत्र या म्हणालं नाही. एका खाटेभोवती बसणारे दोन ठिकाणी सभा भरवायचं विसरूनच गेले. नाताळला प्रकाशम चाकांच्या खुर्चीत बसून आला आणि ते गाणं आम्ही सगळ्यांनी म्हटलं. सर्वांत मोठा आवाज विल्यमचा.

काही वर्षांनी बाईंची आई अंथरुणाला खिळली आणि त्या चांद्याला परत जायला निघाल्या. तोवर प्रकाशम कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरी लिहायच्या कामावर, लागला होता. आपल्यामागे संघ चालवायला बाईंनी त्याचं नाव सुचवलं. मंडळीचे एक वडीलधारे कुरकुरले. ज्याने संघ फोडला त्याच्याच हाती संघ द्यायचा? बाईंचा आवाज चढला नाही. "कुठून तुटते, हे त्यालेच ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तिथं तोच हात धरते."

दुर्गच्या स्टेशनवर आम्ही सगळे त्यांना पोचवायला गेलो. त्यांनी भाषण केलं नाही, रडूही दिलं नाही. गाडी सुटेपर्यंत एकेकाच्या तब्येतीची चौकशी करत राहिल्या.

पुढच्या रविवारी मी जड मनाने सभेला गेले. प्रकाशमने वेळेवर सुरुवात केली. रांचीहून आलेल्या एका मुलीने पहिल्यांदाच वचन वाचलं, अडखळली, सावरली. गाण्यावरून वाद झाला, मिटला. फुटाणे कमी पडले आणि विल्यम धावत जाऊन आणखी घेऊन आला. हसत-बोलत आम्ही बाहेर पडलो. वाटेत सेक्टरच्या वळणावर मी एकदम थांबले. सबंध सभेत बाईंची आठवण मला एकदाही झाली नव्हती. सोबतच्यांना विचारलं, तर त्यांनाही झाली नव्हती.

आम्ही तिथेच उभे राहिलो. मग प्रकाशम कुबडीवर रेलून हळूच म्हणाला, "बाई को बताना चाहिए. बहुत खुश होंगी."