पिंपळीचं महाळुंग

बारामतीत यहुद्यांचं घर आमचं एकच. इंदापुरात काकांचं दुसरं, की संपली आमची मोजदाद. वडील कालव्यावर ओव्हरसियर होते. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. वडिलांनी हे कालव्याकाठच्या पिंपळी गावातल्या शेतकरी तात्यांना सांगितलं, तेव्हा तात्यांनी शांतपणे विचारलं, "मग आमची करडई यंदा तुमच्याकडंच घालू का?"

सणासुदीला आम्ही आगगाडीनं पुण्याला जात असू. तिथल्या आमच्या प्रार्थनामंदिराला घरात सगळे मशीदच म्हणत. शेजाऱ्यांचा त्यानं गोंधळ उडे, आमचा कधी उडाला नाही. पुण्याची मंडळी मात्र आम्हांला खेडवळ समजायची. कालव्याकाठी राहून हे धर्म विसरले असणार, असं एक काकू माझ्यासमोरच बोलल्या होत्या. मी आठ दिवस त्यांच्यावर फुगून होते.

आमच्या मांडवाच्या सणाला हातात महाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं फळ, धरून प्रार्थना म्हणतात. फळ देठापासून टोकावरच्या बारीक खुंटापर्यंत अखंड लागतं. दरसाल ते बोटीनं परदेशातून येई. त्या वर्षी पेटी येणार नाही असं कळलं आणि वडिलांनी भर मंडळीत सांगून टाकलं, "महाळुंग मी आणतो. माझ्या कालव्याच्या पाण्यावरचं."

"कालवा तुमचा कधीपासून झाला?" आईनं घरी आल्यावर विचारलं.

तात्यांच्या बांधावर महाळुंगाचं एक झाड होतं आणि त्यावर तीन फळं. वडील दर रविवारी मला घेऊन जायचे, खिशातलं भिंग काढून फळांवर डाग शोधायचे. तात्या आणि मावशी, म्हणजे त्यांची बायको, हसू दाबत उभी असायची. एवढं निरखून वडिलांनी मुलगीसुद्धा पाहिली नसेल, असं आई म्हणायची.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पकडायची होती, म्हणून आम्ही फळं आणायला गेलो. मावशीनं ती आधीच तोडून ठेवली होती. दोन महाळुंगं, हळदीच्या पानांत गुंडाळलेली, फडक्यानं पुसून लख्ख केलेली. आणि दोन्हीचे खुंट विळ्यानं साफ उडवलेले.

"पाटीत एकमेकाला टोचत्यात," मावशी कौतुकानं म्हणाली. "लांबचा प्रवास हाय न्हवं?"

वडील मटकन बाजेवर बसले. उद्या पुण्यात काय तोंड दाखवणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे त्या काकू आल्या आणि मी फाडकन बोलले, "तुम्ही सगळं वाटोळं केलंत!" वडिलांनी माझा दंड धरला. मावशीचा चेहरा एवढासा झाला. मला तिथल्या तिथे लाज वाटली, पण माफी कशी मागावी ते सुचेना.

ती आत गेली. कणगीत हात घालून तिनं तिसरं महाळुंग काढलं. खुंट शाबूत.

"हे कुठं पाटीत जायचं व्हतं? म्हणून छाटलं न्हाय. लक्ष्मीपूजनाला ठेवलंय."

वडिलांनी भिंग काढलं, पुन्हा खिशात घातलं. मग अवघडून विचारलं, "देवीपुढं ठेवून झालंय का? तसं असेल तर आम्हांला चालत नाही."

"अजून न्हाय दाखवलं. तुमच्या देवाची घाई हाय, आमच्या देवीला येळ हाय," ती म्हणाली आणि फळ वडिलांच्या हातात दिलं.

पुण्यात प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या हजानांनी ते उजेडात फिरवून पाहिलं, हुंगलं आणि कुठल्या बागेचं म्हणून विचारलं. वडील ताठ मानेनं म्हणाले, "पिंपळीचं." कालव्याचा विषय त्यांनी काढला नाही. फळ हातोहात फिरत त्या काकूंकडे गेलं. प्रार्थना म्हणून झाल्यावरही त्यांना ते सोडवेना. मी आनंदानं आईला एवढ्या जोरात चिमटा काढला की ती ओरडली.

दिवाळीत तात्यांनी फराळाला बोलावलं. घरातून तुपाचा वास येत होता. लक्ष्मीपुढच्या चौरंगावर आम्ही मागे ठेवून गेलेल्या दोन महाळुंगांपैकी एक ठेवलं होतं. जिथं विळा लागला होता, तिथं मावशीनं हळदकुंकवाचं बोट टेकवून छाटलेला भाग झाकला होता.

"देवीला चाललं का?" मी हळूच विचारलं.

"तिला म्या सांगितलं," मावशी म्हणाली, "चांगलं व्हतं ते पाव्हण्याला दिलं."

मग तिनं माझ्या हातावर करंजी ठेवली, आणि मला माफी मागता आली.