गोळी लागते

पोंभुर्ण्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. गोष्ट पन्नासच्या दशकातली. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मीच. पुण्याकडचा, नुकता परीक्षा पास झालेला, आणि डोक्यात हवा गेलेला.

तिथं लोक औषध नावानं मागत नसत, रंगानं नाहीतर चवीनं मागत. लाल पाणी द्या, पिवळी गोळी द्या, कडू द्या. मला त्याचा भयंकर राग यायचा. डोकेदुखीची गोळी पांढरी, पित्ताची पांढरी, जखम पिकल्यावरची सल्फाही पांढरीच. मग मी येईल त्याला शिकवत बसायचो. ऐकून घेत बिचारे.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत एक शेतकरीण नवऱ्याबरोबर आली. धानाच्या बांधीत पायाला काटा लागून पाय टम्म सुजला होता, अंगात ताप होता. मी सल्फाची बरणी काढली, तसं तिनं बरणीकडे बोट दाखवलं.

"भाऊ, मले हे गोळी लागते."

झालं, आमचं डोकं फिरलं. "बाई, तुम्हाला काय लागतं ते मी ठरवणार. हीच देतोय, पण तुम्ही मागितली म्हणून नाही. ही आधी जनावरांवर, मग माणसांवर तपासलेली आहे. सरकारची परवानगी आहे तिला."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं माझ्याकडे. गोळ्या पदरात बांधून ती गेली.

तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं तिला बैलबंडीत घालून आणलं. डोळे सुजून मिटलेले, तोंड आतून फोडांनी भरलेलं, अंगावर लाल चट्टे. पाणी गिळवत नव्हतं.

"अशी कशी झाली ही?" मी ओरडलो.

"गेल्या सालीबी लागली होती ना," नवरा म्हणाला. "एकाच गोळीत आंग फुटलं होतं. तिनं सांगतलं ना तुमाले, लागते म्हनून. सुपारी लागते, तशी."

आधी मी मनात त्यांच्या बोलीला शिव्या दिल्या. पण त्यात बोलीचा काय दोष? आमच्या घरीही सुपारी लागून आई भिंतीला टेकून बसलेली मी कितीदा पाहिली होती. 'लागते' म्हणजे हवी असते, आणि लागते म्हणजे बाधतेही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी फक्त ऐकलं नव्हतं.

निरोप धाडून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गोळ्या बंद केल्या, चमच्या-चमच्यानं पाणी पाजत राहायला सांगितलं आणि म्हणाले, आता वाट पाहायची. मी रात्रंदिवस वाटी-चमचा घेऊन तिच्या उशाशी बसलो. ती मेली असती तर मी मारली असती. पाचव्या दिवशी तिनं वाटीभर पेज घेतली, तेव्हा मी बाहेर जाऊन रडलो.

ती घरी निघाली तेव्हा मी तिला बरणीवरचं लेबल दाखवून समजावलं. कंपनीनं ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि औषधाचं खरं नाव खाली बारीक. तेच औषध दुसरी कंपनी दुसऱ्या नावानं विकते, रंगही वेगळा असू शकतो. तेव्हा रंग पाहू नका, फक्त 'सल्फा आहे का' एवढं विचारा. तिला वाचता येत नव्हतं. "सलपा, सलपा," असं घोकत ती बंडीत बसली.

पुढल्या वर्षी नातवाला खोकला झाला म्हणून ती आली. मधे तिला स्वतःला ताप आला, तेव्हा तालुक्याच्या बाजारात एका दुकानदारानं तिला गुलाबी गोळी दिली होती म्हणे.

"म्या इचारलं, यात सलपा हाये का? थो म्हने, नाई. म्हनलं, बारीक अक्षरं वाच ना भाऊ. वाचलं, अन् गोळी परत घेतली त्यानं."

मला मनापासून आनंद झाला. मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही मलाही असंच ठणकावून सांगायला हवं होतं. काऊन घेतली मग गोळी?"

"सांगतलं होतं ना भाऊ," ती म्हणाली. "मंग तुमी सरकारचं नाव घेतलं. मले वाटलं, सरकारनं तपासली म्हनते, तं मले लागते हे मालूम असनच त्याले."