कागदावरचा 'मी'

मतदार यादीतून शेजारच्या सुशीलाकाकूंचं नाव मयत म्हणून वगळलं होतं, म्हणून त्यांना घेऊन मी तहसील कार्यालयात गेले. कारकून बाईंनी जुने कागद तपासले आणि त्या उठून बाहेर आल्या.

"काकू, ही चूक माझ्या हातून झालीय."

त्यांचे साहेब हळूच म्हणाले, "तांत्रिक चूक असं लिहा. नाहीतर नोटीस येईल तुम्हाला."

बाईंनी दुरुस्तीच्या कागदावर लिहिलं, 'मी चुकून नाव वगळले.'

सरकारी कागदात नावं वगळली जातात, फायली गहाळ होतात; 'मी' मात्र क्वचितच भेटतो.

काकूंनी बाईंचा हात धरला. "असू दे गं पोरी. आयुष्य वाढलं माझं."

साहेबांनी तो कागद आपल्याकडे ओढला. मग त्यांनी खाली लिहिलं, 'मी न तपासता मंजुरी दिली,' आणि सही केली.