समुद्र खाली गेला तेव्हा

पोत्सुओलीच्या स्टेशनावर उतरल्याबरोबर दोनातानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक नाकाला लावलं. कुजक्या अंड्यांचा वास येत होता, आणि तो कुठल्या गटारातून नव्हे, सगळ्या हवेतूनच येत होता.

तिला न्यायला आलेला बहिणीचा नवरा प्रोकोलो हसला. "गंधक आहे ताई. आमच्या डोंगराला भोक आहे ना, तिथून धूर निघतो. दोन दिवसांत नाक मरतं."

"नाक मेलं तर मीठमसाला कशानं ओळखू रे?" दोनाता म्हणाली. पण तिला हसू आलं नाही.

ती लुकानियाच्या डोंगरातली. चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची. आई गेल्यावर धाकट्या वितीनाला तिनंच वाढवलं होतं. मेंढ्या, चूल आणि रविवारचं चर्च, एवढंच तिचं जग. वितीनाचं पहिलं बाळंतपण करायला म्हणून ती १९७०च्या हिवाळ्याच्या अखेरीस वाळक्या लाल मिरच्यांची माळ आणि चीजचा गोळा घेऊन समुद्रकाठी आली. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता.

तो बंदरावर दिसला. सगळे म्हणतात तसा अफाट वगैरे तिला वाटलाच नाही. वाटलं, कुणीतरी याचं पाणी काढून घेतलंय. होड्या धक्क्याच्या पार तळाशी पडल्या होत्या. कोळी शिडी लावून उतरत होते. भिंतीवर जुन्या पाण्याची काळी रेघ होती. रेघेच्या खाली शिंपले चिकटलेले, सगळे तोंड वासून मेलेले. त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या.

"पाणी इतकं खाली?" तिनं विचारलं.

"ओहोटी असेल," दुसरीकडे बघत प्रोकोलो म्हणाला. दोनातानं मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशीही पाणी तिथंच होतं, आणि आठवड्यानं आणखी उतरलेलं.

बंदराच्या डोक्यावर खडकावर जुनी वस्ती होती, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं. त्यातल्या एका घराच्या दारात वितीनाची सासू, तितीना, कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"या विहीणबाई! डोंगरावरून उतरलात एकदाच्या. मला वाटलं, मेंढ्याच सोडत नाहीत तुम्हाला."

"मेंढ्या शहाण्या असतात, विहीणबाई. जिथं वास बरा नाही तिथं त्या येत नाहीत."

तितीना खळखळून हसली. तिथले सगळेच असे हसायचे. दार उंबऱ्याला घासू लागलं की प्रोकोलो रंधा काढायचा, दाराची कड तासायचा आणि म्हणायचा, "दमट हवा, लाकूड फुगतं." चार दिवसांनी पुन्हा तासायचा. ताटं फळीवर आपोआप किणकिणली की तितीना म्हणायची, "समुद्र खाली गेला नाही, आपण वर चाललोय, असं मासळीबाजारात बोलतात. बरंय, स्वर्ग जवळ आला!" पण पिंपातली दारू काढायला तळघरात जायची वेळ आली, की प्रत्येकाला दुसरं काम आठवायचं.

शेवटी दोनाताच खाली गेली. अंधारात तोल सावरायला तिनं भिंतीवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. भिंत गरम होती. व्यायला आलेल्या मेंढीच्या पोटाला असते तशी ऊब. तिनं पुन्हा तळवा टेकवला. आत खोल काहीतरी घरघरत होतं.

ती लहान असताना गावाची एक बाजू घसरून दरीत गेली होती. त्याआधीही दारं अशीच अडकायची, आणि मोठी माणसं अशीच हसायची.

वर येऊन तिनं वितीनाला बाजूला घेतलं. "चल माझ्याबरोबर गावी. बाळ तिथं होऊ दे."

"ताई, तू बाळंतपण करायला आलीस की मला न्यायला?" वितीना चिडली. "सासूबाई काय म्हणतील? प्रोकोलो याच पलंगावर जन्मला. त्याचा बापही."

"पलंग उचलून नेता येतो गं. पळायची वेळ आली तर पोटातलं बाळ वेगळं उचलता येत नाही."

वितीना दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. दोनातानं मुकाट्यानं सगळ्यांचे उबदार कपडे एका गाठोड्यात बांधले आणि ते दाराशी ठेवलं. तितीनानं ते पायानं ढकलून पलंगाखाली सारलं. दोनातानं पुन्हा बाहेर काढलं.

मग एका सकाळी ट्रक आले. शिपाई गल्लीगल्लीतून कर्णे घेऊन ओरडत होते, "घरं रिकामी करा! लगेच निघा!" प्रोकोलो होडी घेऊन बाहेर गेला होता. गाद्या, पिंजरे, संतांच्या तसबिरी जिन्यांवरून घरंगळू लागल्या. पोटुशी वितीना भिंत धरून उतरली. दोनाता गाठोडं टाकून मागे वळली, तर तितीनानं आतून कडी लावलेली.

"विहीणबाई, उघडा!"

"नाही उघडत जा. या दारातून मी नवरी होऊन आले. आता खांद्यावरच निघेन."

"खांदा द्यायला तरी कोण थांबणार आहे इथं?"

"तुला भीती वाटते तर तू पळ, मेंढपाळणी!"

तेवढ्यात खालून धक्का बसला. मोठा नव्हता; बैलगाडीचं चाक दगडावर चढावं तसा. छपरावरून माती झरली. आत काहीतरी फुटलं. आणि मग अगदी वेगळ्या, बारीक आवाजात तितीना म्हणाली, "दोनाता... कडी काढली मी. दार येत नाहीये."

तिनं दोनाताला नावानं हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा.

चौकट वाकून दाराला दाबून बसली होती. जवळचा शिपाई "बाई, चला, दुसरी घरं आहेत," म्हणत तिचा दंड ओढू लागला. दोनातानं दंड सोडवून घेतला आणि शेजारच्या सरपणातली कुऱ्हाड उचलली. जन्मभर लाकडं फोडलेली बाई ती. फळ्या फुटल्या, भोक पडलं, तसं तिनं तितीनाला काखेत धरून बाहेर ओढलं.

"मेले, माझ्या सासऱ्यानं बनवलेलं दार होतं ते!" तितीना किंचाळली. पण ट्रकपर्यंत तिनं दोनाताचं मनगट असं आवळून धरलं होतं, की नखांचे वळ कितीतरी दिवस राहिले.

हिवाळ्यात बंद असलेल्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात त्यांना खोली मिळाली. प्रोकोलो संध्याकाळी होडी लावून धावत आला. घर शोधत वर गेला होता, तर वस्तीत नुसत्या मांजरी. त्याच आठवड्यात वितीना बाळंत झाली. मुलगी. रिवाजाप्रमाणे तिला आजीचं नाव मिळायचं. तितीना भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दोनाता ठेवा. माझ्या नावाला आता घर नाही."

आणि जुनी वस्ती पडली नाही. तारेच्या कुंपणामागे ती तशीच उभी राहिली. लोक म्हणू लागले, उगाच हाकललं. तितीना रोज तारेपाशी जायची, आपली खिडकी बघायची. एकदा ती दोनाताला म्हणाली, "घर कोसळलं असतं ना, तर रडून मोकळी झाले असते." पुढे नव्या वसाहतीतल्या चौथ्या मजल्यावर ती वारली. शेवटपर्यंत जिन्यावर कुणी चढलं, तरी तिला वाटायचं जमीनच हलली.

दोनाता गावी परतलीच नाही. बाळंतपणापुरती आली होती; पोर मोठी करण्यात वर्षं गेली. १९८०च्या भूकंपात डोंगरातलं तिचं घर भुईसपाट झालं, म्हणून परतायचा प्रश्नही मिटला. तीन वर्षांनी पोत्सुओलीची जमीन पुन्हा वर येऊ लागली. महिनोन् महिने शहर थरथरत होतं. बंदरातल्या होड्या चिखलात कलंडल्या होत्या.

भाचीनं तेव्हा विचारलं, "मावशी, कुठंतरी लांब जाऊया का?"

"कुठं जायचं, ते तूच सांग," दोनाता म्हणाली. ती बूट घालूनच पलंगावर टेकली होती. त्या दिवसांत ती बूट काढतच नसे. तिनं पाय खाली सोडले, बूट फरशीवर घट्ट टेकवले, आणि खालून ती जुनी घरघर येते का, ते अजमावत राहिली.