मोहाला टांगलेला मोबाईल

आमच्या पाड्यात पहिला मोबाईल आला तो माझ्या पँटच्या उजव्या खिशातून. मला त्याचा फार तोरा होता. हात खिशात घालून उगाच उभा राहायचो, फोन वाजला की आधी चारी बाजूंना बघून मग बोलायचो. तेव्हा कुणी सांगितलं असतं की याच खिशावरून पुढे अख्खा पाडा माझी पंचाईत करणार आहे, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सूर्यमाळच्या आमच्या बाजूला उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात, मग टँकर येतो. टँकर जव्हारहून निघाला का, घाटात बंद पडला का, आज येणार की उद्या, हे पाड्याला सांगायला टँकरच्या ठेकेदाराला वर एक माणूस हवा होता. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत बसलेला, म्हणून तो माणूस मी झालो. त्याने एक जुना जाडजूड फोन माझ्या हातात दिला आणि सांगितलं, हा बंद लागला तर तुझं कामही बंद. पावसाळ्यात त्याची रस्त्याची कामं निघत, तेव्हाही हाच फोन. त्यामुळे बाराही महिने तो माझ्या मांडीला चिकटलेला असे.

आमच्याकडे रेंज म्हणजे पाहुणी. टेकाडाच्या टोकाला, मोहाच्या झाडापाशी ती येई आणि वारा फिरला की जाई. बाकी दिवसभर फोन खिशातल्या खिशात तिला शोधत बसायचा आणि तव्यावरच्या भाकरीसारखा तापायचा. मांडीला चटका बसला की मी तो डाव्या खिशात टाकी, डावी तापली की पुन्हा उजव्या.

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी या पाड्यात घरजावई होतो. मी मूळचा जव्हारकडच्या साखरशेतचा. माझ्या सासऱ्याला, म्हणजे मामांना, एकुलती एक लेक. वरी-नाचणीच्या उतारांना आणि खालच्या भाताच्या तुकड्याला पुरुषाचा हात हवा होता, म्हणून मी तिकडची वाटणी भावांना सोडून इकडे आलो. आमच्यात आधी संसार आणि मग सवडीने लग्न. दोघं एकत्र राहतात, राबतात, आणि कधीतरी हळद लागते. कुणाकुणाच्या लग्नात त्यांचीच पोरं पुढे नाचत असतात. मामांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, पहिलं पोर झालं की हळद लावू, मग तू या घरचा.

पोर होईना. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणखीही गेले. हळद लागेना. मी नांगर धरायचो, लाकडं फोडायचो, मामांच्या पायाला तेल लावायचो, आणि तरी जेवायला बसताना माझं पान जरा कडेलाच पडायचं. मागे फिरावं तर साखरशेतला माझी जागा भावांच्या गुरांनी धरलेली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसं झालं होतं. आमच्याकडे तर आडही कोरडा आणि विहीरही.

मामी भगताकडे जाऊन आल्या. कोंबडं दिलं, नारळ झाला. मुळ्या उकळून प्यायलो, त्या इतक्या कडू की दोन दिवस गुळाचीही चव लागेना. माझी बायको या सगळ्याला हसायची. मला हसू येत नव्हतं. पाड्यातलं कुठलंही पोर रडलं की मला वाटे, हे मलाच ऐकवण्यासाठी रडतंय.

असाच एकदा ठेकेदाराच्या कामाला जव्हारला गेलो होतो. एसटी स्टँडजवळच्या सलूनमध्ये दाढीला बसलो. तो सलूनवाला पेपर वाचत वाचत दाढी करायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाने जीव मुठीत धरून बसायचं. त्या दिवशी त्याने मोठ्याने वाचलं, की मोबाईल पँटच्या खिशात ठेवला तर पुरुषाच्या बीजावर परिणाम होऊ शकतो, अशी कुठल्याशा परदेशी डॉक्टरांना शंका आहे. बाकावरची माणसं हसली. एकाने घाईघाईने फोन शर्टाच्या खिशात टाकला, तर दुसरा म्हणाला, तिथे काळीज आहे. मला आठवतं, खाली बारीक अक्षरात असंही होतं की याबद्दल अजून ठामपणे काही सांगता येत नाही. ते मी दाढी झाल्यावर स्वतः वाचलं आणि तिथल्या तिथे विसरून टाकलं.

कारण मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला होता. माझ्यात काही खोट नव्हती, खोट खिशात होती, आणि खिशातली वस्तू काढून ठेवता येते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर चांगला ओंडका सापडला होता. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, बायकोने मामींना, आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर दुसरा विषय नव्हता.

मामींनी फोन घरात आणायला बंदी केली. खिशात तर नाहीच, भिंतीच्या खुंटीलाही नाही. मग तो ठेवायचा कुठे? रेंज जिथे, तिथेच. म्हणून मोहाच्या खालच्या फांदीला प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो टांगला. वाजला की जो कोणी जवळ असेल त्याने हाक मारायची आणि मी धावायचं. बाकी पाड्याची चैन झाली. भिवंडीला कामाला गेलेल्यांचे फोन त्याच फांदीवर येऊ लागले. म्हाताऱ्या बायका पिशवीला कान लावून लेकांशी बोलायच्या. माझी बायको सगळ्यांत चपळ, घंटी ऐकली की ती हरणासारखी चढ चढून पहिली पोचायची.

मी मात्र वाट बघत होतो. खिसा हलका झाला होता, आता बाकीचंही सुरळीत होईल अशी. मामीही वाट बघत होत्या, आणि महिन्याच्या महिन्याला त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मला झाडामागे जाऊन उभं राहावंसं वाटे.

झालं काय, तर होळीच्या सुमारास मोह फुलला नाही. बाकीचे मोह फुलले, त्यांच्याखाली सकाळी बायका फुलं वेचत बसल्या, आणि आमचा फोनवाला मोह तेवढा नुसता उभा. मोहाला एखादं साल खाडा पडतो, हे मामांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण मामींनी झाडाखाली उभं राहून वर पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "झाडाची ही गत झाली, तं माणसाचा काय ऱ्हायला असंल?"

फोन त्या दिवशी मोहावरून उतरला. आंब्यावर नको, फणसावर नको, कुणाच्याही फळत्या झाडावर नको, असं ठरलं. शेवटी टेकाडावरच्या उघड्या खडकात एक मेढ रोवली आणि तिच्या टोकाला तो बांधला. पाड्यात कुणाची कोंबडी अंड्यांवर बसेना, तरी लोक मेढीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. माझं वांझपण आता गावभर टांगलं गेलं होतं, आणि ते टांगायला दोरी मीच आणून दिली होती.

मामा कमी बोलणारे. त्यांनी एका सकाळी मला शेताच्या बांधावर बसवून शांतपणे सांगितलं, की आणखी एक पावसाळा बघू. नाहीतर चार माणसं बसवून काडी मोडू. लेक अजून तरणी आहे, तिला दुसरा कुणी मिळेल. तुला राबल्याचं धान्य देऊ. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मी घाबरलो. गडी सोडताना बोलतात तसं ते बोलत होते. आणि मला ती बाई सोडायची नव्हती. शेत, घर, हळद गेली चुलीत, मला ती सोडायची नव्हती.

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती प्रथमच हसली नाही. म्हणाली, भगत झाला, झाड झालं, आता डॉक्टर करू. मी म्हटलं, तू जाऊन ये. त्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि मी मुकाट्याने सदरा चढवला.

जव्हारच्या डॉक्टरांनी आधी तिला तपासलं. मग मला एक बाटली देऊन संडास दाखवला. त्या अंधाऱ्या खोलीत माझी जी अवस्था झाली ती सांगण्यासारखी नाही, आणि नेमका तेव्हाच मेढीवरून सोडून शर्टाच्या खिशात घेतलेला फोन वाजला. ठेकेदार विचारत होता, पाइप पोचले का. मी म्हटलं, बघतो साहेब. तो म्हणाला, बघतो काय, कुठे आहेस तू?

डॉक्टरांनी पुन्हा एकदा यायला लावून पुन्हा तपासलं. मग आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी विचारलं, लहानपणी गालगुंड झालं होतं का? झालं होतं. आश्रमशाळेत, मिसरूड फुटायच्या वेळी, अख्ख्या वसतिगृहाला झालं होतं. सगळ्यांचे गाल सुजले. माझं खालीही सुजलं होतं, फार दुखलं होतं, पण सांगणार कुणाला? सरांना? पोरं आयुष्यभर चिडवतील म्हणून मी पांघरूण घेऊन पडून राहिलो आणि सूज उतरली. ते मी विसरूनही गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, त्यातच सगळं गेलं. मी विचारलं, आणि मोबाईल? ते म्हणाले, मोबाईलचं खरंखोटं अजून कुणालाच पक्कं माहीत नाही, पण तुमचं नुकसान मोबाईल यायच्या कितीतरी आधीच झालेलं आहे. काही उपाय? त्यांनी मान हलवली.

मोबाईलच्या नावाने इतके दिवस बोटं मोडली होती, आता तोच निर्दोष सुटला. मला त्याचा राग आला. तो दोषी असता तर फेकून देता आला असता.

एसटीत आम्ही दोघं एका बाकावर बसलो. मोखाडा गेलं. मी मनात साखरशेतच्या गोठ्यात कुठे अंथरूण टाकता येईल ते बघत होतो. उतरून पायवाटेला लागल्यावर मी तिला म्हटलं, मामांना मीच सांगतो. ती म्हणाली, तू गप ऱ्हा.

अंगणात मामा-मामी होते, शेजारची दोन जाणती माणसंही येऊन बसली होती. आमची वाटच बघत होते. मामांनी मला विचारलं, काय सांगितलं डॉक्टरने? मी तोंड उघडायच्या आत ती पुढे झाली.

"त्याच्यात काय नाय. माझ्यात हाय," ती म्हणाली. "पहाटं तो निजलेला असं, तवा मोबाईल मीच कनवटीला लावून फिरं. लाकडाला जाता, पाण्याला जाता. त्याला ठावं पण नवता. डॉक्टर सांगं, त्यानंच झाला."

मामींनी कपाळावर हात मारून घेतला. मी तिथे उभा होतो, माझ्या तोंडात खरं होतं आणि ते बाहेर येईना. ते बाहेर काढलं तर ती त्या चार माणसांत खोटी पडत होती, नि मी घराबाहेर. मामा म्हणाले, "आता लेकीला कोठं घालवू? घर तिचाच." आणि माझ्याकडे वळून, आजवर कधी बोलले नव्हते इतक्या मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "तू ऱ्हाशील ना रं?"

मी मान हलवली.

संध्याकाळी पाणी भरायला गेलो तेव्हा मी तिला जाब विचारला. चिडलो होतो मी. उपकार झाले की माणूस चिडतोच. तिने हंडा घासता घासता सांगितलं, "तुला काढला असता. माझ्या घरातनं मना कोण काढंल?"

दुसऱ्या कुठल्या घरात ती सून असती तर याच शब्दांनी तिचं बोचकं बाहेर पडलं असतं. इथे ती लेक होती, म्हणून तिने माझं वांझपण आपल्या ओटीत घेतलं.

त्या उन्हाळ्यात आमची हळद लागली. मामा म्हणाले, जावई थांबतो म्हणतोय, तर त्याचा मान राखला पाहिजे. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत होती आणि बायका माझ्याकडे बघून एकमेकींना सांगत होत्या, बघा, अशी असूनही टाकली नाही, देवमाणूस आहे. मला हळद लावत होत्या आणि मला वाटत होतं, आपल्याला कुणीतरी घट्ट दोरीने बांधत आहे. ती शेजारी बसून हसत होती, अगदी पूर्वीसारखी.

मग पाड्याने तिला मोबाईलला हात लावायची बंदी केली. लहान पोरींना आणि तिलाही मामी मेढीपासून लांब उभं करायच्या. टेकाडावर घंटी वाजायची, पाड्यातली सगळ्यांत चपळ बाई हातातलं काम थांबवून तिकडे बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची. मी चढ चढत जायचो. ठेकेदार विचारायचा, एवढा वेळ का लागतो रे फोन उचलायला?

मी म्हणायचो, येतो साहेब, चढ आहे.